तीन नंबरचा धोंडा

आमच्या मागच्या दाराशी एक काळा धोंडा असतो. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून लावलेला. नारळापेक्षा थोडा मोठा, एका अंगानं चपटा. घरात सगळे त्याला ‘तीन नंबर’ म्हणतात. कामवाली केर काढताना ओरडते, ‘ताई, तीन नंबरच्या खाली मुंग्या झाल्यात,’ आणि आलेला पाहुणा माझ्या तोंडाकडं बघत बसतो. पाणीपुरवठ्याच्या खात्यात आख्खी नोकरी काढली, टाक्या बांधल्या, पाइपलाइनी टाकल्या, निवृत्तही झाले. पण मी इंजिनिअर कशी झाले असं कुणी विचारलं की मला या धोंड्यापासूनच सुरुवात करावी लागते. लोकांना वाटतं, म्हातारी चेष्टा करतेय. माझा स्वभाव तसा आहे खरा, पण ही चेष्टा नाही.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. पाट्यांवरचा रंग ताजा होता आणि नळ मात्र ठणठणीत कोरडे. आम्ही गंजगोलाईच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर, मन्मथअप्पांच्या किराणा दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. अप्पा लिंगायत, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि तोंडात सदानकदा सुपारी. आम्ही बौद्ध, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली वडिलांची सायकल, कारण बाहेर ठेवली तर अप्पांची गिऱ्हाइकं तिच्यावर पोती टेकवायची. दुकानातून गूळ, मिरची आणि रॉकेल असा मिळून एक वास आमच्या अंथरुणापर्यंत यायचा. दुष्काळात घरात पातळ काही शिजेना. धपाटे, शेंगांची चटणी, मुरमुऱ्यांचा सुशीला, परत धपाटे. भाजून दळलेल्या येसराची आमटी फक्त टँकर आला त्या दिवशी, आणि ती आम्ही सण असल्यासारखी भुरकायचो. भांडी राखेनं घासायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची. अजूनही कुणी नळ सोडून ठेवून दात घासत असलं की माझा हात शिवशिवतो.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, नव्या जिल्ह्यातल्या एका कचेरीत कारकून होते. कोणत्या ते लिहीत नाही, दादांना आवडलं नसतं. आमच्या घराण्यात पहिली सही करणारा माणूस ते. त्यामुळं कागदावर त्यांची जी श्रद्धा होती ती आम्ही कुठल्या देवावरही ठेवली नाही. कचेरीत खुर्च्या कमी होत्या, म्हणून उस्मानाबादेहून ट्रकनं आलेल्या दफ्तराच्या गठ्ठ्यांवर बसून ते काम करायचे. पण बसताना आधी गठ्ठ्याला हात लावून नमस्कार करायचे. त्यांच्याकडं काम होतं टँकरच्या तक्त्याचं. कोणत्या गल्लीत किती खेपा, रोजच्या रोज. तक्त्यात आमच्या गल्लीत टँकर दररोज यायचा. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी आला तरी आम्ही टाळ्या वाजवायचो. दादा कधी तो तक्ता घरी आणून शाईनं पक्का करायचे, तेव्हा आई शेजारी भाकरी थापत विचारायची, ‘आज आलेलं पाणी सांडलं कुठं, त्ये बी ल्ह्या की एका रकान्यात.’ दादा म्हणायचे, ‘वरून जे येतं ते मी उतरवतो, सोजर.’ ‘वरून तर काईच येईना गेलंय,’ आई म्हणायची आणि आभाळाकडं बघायची.

आईची श्रद्धा होती रांगेवर. टँकरची रांग आमच्या गल्लीत तिनं लावली आणि तिनंच राखली. आधी कसं व्हायचं, टँकर आला की झिंज्या उपटणं, कळश्या फुटणं, एकदा तर एका बाईचा दात पडला. आईनं कायदा केला: भांडं रांगेत तर माणूस रांगेत. भांडं उचललं की नंबर गेला, मग तू कलेक्टरची सासू का असेनास. आणि जी बाई बाळंतीण आहे, तापानं फणफणली आहे, येऊच शकत नाही, तिच्या जागी शेजारणीनं एक धोंडा ठेवायचा. टँकर आला की धोंड्याच्या नंबरावर तिची घागर भरून द्यायची, तिच्या मागच्यानं तोवर नळीला हात लावायचा नाही. अप्पासुद्धा घरमालक असून आईला न विचारता भांडं हलवत नसत. आमची कळशी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची होती, पोटावर पोचा आलेली. जिल्ह्याच्या पाट्या नव्यानं रंगवल्या तेव्हा उरलेला तांबडा रंग दादांनी आणला होता. त्यांनी त्या कळशीवर ठळक अक्षरांत माझं नाव घातलं आणि खाली सवयीनं रेघ मारली.

बारावीनंतर मी नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात अर्ज टाकला होता. सिव्हिलसाठी. लोक विचारायचे, पोरीच्या जातीला हे काय? मी सांगायची नाही, पण कारण साधं होतं. आमच्या गल्लीत जमिनीखाली पाइप होते, मी ते घालताना पाहिले होते. पाइप आहेत तर पाणी का नाही, हे मला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं आणि कुणालाच सांगता येत नव्हतं. मला इंजिनिअर व्हायचं होतं, अगदी पोट दुखेपर्यंत व्हायचं होतं. यादी लागली. राखीव जागांच्या प्रतीक्षा यादीत माझा चौथा नंबर. दादांनी नांदेडला जाऊन सगळी यादी वहीत उतरवून आणली, नावं, गावं, तालुके, जिल्हे. पहिल्या दोघांना जागा मिळाल्या आणि मग सगळं थांबलं. रोज पोस्टमनची वाट. पोस्टमन आमच्या गल्लीत शिरला की दादा कचेरीला उशीर करून दारात उभे, आणि तो सायकलवरूनच मान हलवून पुढं जायचा.

त्याच आठवड्यात उदगीरहून डी.एड.चं पत्र आलं. शनिवारपर्यंत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. नांदेडचे प्रवेशही शनिवारीच पाच वाजता बंद होणार होते. दादा म्हणाले, ‘उदगीर हातात आहे. मास्तरीण होईल, नोकरी पक्की. नांदेडचं काही खरं नाही.’ मी कोपऱ्यात बसून रडून घेतलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

‘ही परतीक्षा यादी म्हंजी काय आस्तंय?’

‘रांग असते,’ दादा म्हणाले. ‘पुढच्यानं जागा सोडली की मागच्याला मिळते. शालूचा चौथा नंबर. तिच्यापुढं आता एकच पोरगा राहिलाय.’

‘मग आपलं भांडं कुठाय?’

‘कसलं भांडं?’

‘रांगंत मपलं भांडं नको का? नंबर धरलाय कशावर?’

‘कागदावर धरलाय. नाव छापलंय तिथं. जागा झाली की ते पोस्टानं कळवतात.’

आई हसली. तिचं ते हसू फार वाईट असायचं. ‘कागदावर आपल्या गल्लीत रोज टँकर येतोय. तुमीच ल्हिताव. बसा पीत.’

दादा इतके रागावले की त्यांनी सायकल उगाचच बाहेर काढली आणि परत आत घेतली. पण आईनं ठरवलं ते ठरवलं. बुधवारी सकाळी तिनं धपाट्यांची चळत बांधली, कळशी काखेला मारली आणि मला म्हणाली, ‘चल.’ दादा येणार नव्हते. रजिस्टर पत्र आलं तर सही करायला घरात माणूस पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. अप्पांनी मात्र आम्हाला दारात अडवलं. रिकामी कळशी घेऊन घराबाहेर पडणं त्यांना बघवेना. ‘सोजरबाई, मी मानतो, तुमी मानू नका,’ म्हणाले आणि स्वतःच्या रांजणातलं तांब्याभर पाणी कळशीत ओतलं. त्या दिवसांत तांब्याभर पाणी देणारा माणूस म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. बसमध्ये कंडक्टरनं कळशीकडं बघून विचारलं, ‘हे काय, अस्थी हैत का?’ आई म्हणाली, ‘न्हाई, लेकीची ॲडमिशन हाय.’ त्यानं दोन तिकिटं फाडून दिली.

नांदेडला मावशीच्या घरी नळाला पाणी होतं, दिवसाआड का होईना. आईनं आधी नळाकडं अर्धा मिनिट नुसतं बघितलं. मग कळशी काठोकाठ भरली आणि गुरुवारी सकाळी दहाला आम्ही कॉलेजच्या व्हरांड्यात, प्रवेशाच्या खिडकीसमोर. आईनं पदर खोचला, फरशी नीट निरखली आणि खिडकीपासून दोन हात मागं कळशी ठेवली, नाव बाहेरच्या बाजूला करून. शिपाई धावत आला. ‘ओ बाई, काय करून राहिल्या? पाणपोई हाय का इथं?’

‘नंबर हाय,’ आई म्हणाली. ‘चार नंबर. नाव वाच.’

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पँटशर्टातली पोरं, इस्त्रीच्या साड्यांतल्या त्यांच्या आया, सगळे त्या पोचा आलेल्या कळशीकडं बघत होते आणि तिच्यावर तांबड्या रंगात माझं नाव. तेवढ्यात आईला काहीतरी आठवलं. बाहेर कसलंसं बांधकाम चाललं होतं, तिथून तिनं एक काळा धोंडा उचलून आणला आणि कळशीच्या पुढं, खिडकीच्या बाजूला ठेवला.

‘हे आणि काय आता?’ मी रडकुंडीला आले.

‘तीन नंबर. त्यो आल्याला न्हाई, पर जागा त्याची हाय.’

मोठे बाबू म्हणून जे होते, खिडकीमागचे, ते चष्म्यावरून बघत होते. त्यांनी शिपायाला सांगितलं, ‘जाऊ दे, दुपारपर्यंत कंटाळून जाईल.’ त्यांनी माझ्या आईला टँकरच्या रांगेत पाहिलं नव्हतं. दुपारी देगलूरकडचे एक गृहस्थ आले, मुलाला घेऊन, काखेत छत्री. आभाळात ढगाचा तुकडा नाही, पण छत्री. त्यांच्या मुलाचा पाचवा नंबर. त्यांनी धोंडा बघितला, कळशी बघितली, शिपायाला काही विचारलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत कळशीच्या मागं फरशीवर छत्री आडवी ठेवली. शुक्रवारी सकाळी आम्ही पोचलो तर छत्रीच्या मागं एक ट्रंक, तिच्यामागं चपलेचा एक जोड आणि शेवटी कुणाचातरी दप्तराएवढा जाड शब्दकोश. दुसऱ्या यादीतल्या लोकांनीही शेजारी आपली वेगळी रांग लावली होती. आई दोन्ही रांगांमधून फिरून सांगत होती, ‘चप्पल सरळ ठेवा. वाट सोडा सायबाला.’ दुपारी दोनच्या सुमाराला कॉलेजचा माठ आटला. व्हरांड्यात भट्टी पेटलेली. छत्रीवाल्यांनी आधी मागितलं, मग शिपायानं, मग शब्दकोशवाल्यानं. आईनं सगळ्यांना कळशीतलं पाणी दिलं, वरून धपाटे. शेवटी खिडकीतून मोठ्या बाबूंचा पेला बाहेर आला. आईनं तो भरला, आणि भरताना तिचा हात जरासा थांबला, ते मी पाहिलं. मला वाटलं, सांडेल म्हणून जपतेय.

शनिवारी दीड वाजता बाबूंनी पुकारा केला. आमच्या यादीत एक जागा रिकामी झाली होती. एकच. 

‘प्रतीक्षा क्रमांक तीन!’ बाबूंनी नाव घेतलं. शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातला मुलगा. कुणी ओ दिली नाही. त्यांनी तीनदा पुकारलं आणि नावावर रेघ मारायला पेन उचललं. ‘गैरहजर. प्रतीक्षा क्रमांक चार.’

मी पाऊल उचललं. आईनं माझा दंड धरला.

‘थांबा सायेब. तीन नंबर हाय की हितं.’

बाबूंनी खिडकीतून वाकून बघितलं. ‘बाई, तो धोंडा आहे.’

‘धोंडा हाय म्हंजी माणूस यायचा हाय. पाच वाजंस्तोवर जागा त्याची. तुमच्याच कागदावर ल्हिलंय पाच वाजता बंद.’

‘अहो, तुमच्याच पोरीला देऊन राहिलो मी जागा! तुम्ही काय करून राहिल्या?’

‘माझ्या पोरीला पाच वाजता द्या.’

आयुष्यात मला आईचा इतका राग कधी आला नाही. मी तिला चिमटा काढला, पदर ओढला, शेवटी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुला वेड लागलंय का गं? उदगीर पण गेलं माझं!’ तिनं ऐकलंच नाही. बाबूंना शनिवार म्हणून तीनची बस धरून गावी जायचं होतं. ते लालबुंद झाले. ‘असं असेल तर मी क्रमांक पाचला देतो!’ छत्रीवाले लगेच उठले, अगदी नम्रपणे. ‘हाव, ताईंना नको आसंल तर आमचं पोरगं तयार हाय.’ आई त्यांच्याकडं वळली. ‘भाऊ, दोन दिस माझ्या कळशीचं पाणी पेलाव. तुमच्या छत्रीला मी कुणाला हात लावू दिला का?’ छत्रीवाले परत खाली बसले. म्हणाले, ‘न्हाई, बाई खरं बोलून राहिल्या.’

गोंधळ ऐकून प्राचार्य बाहेर आले. उंच, शांत माणूस. त्यांनी धोंड्यापासून शब्दकोशापर्यंत रांग बघितली. आईनं सगळं परत सांगितलं, बाळंतिणीच्या धोंड्यासकट. प्राचार्यांनी नोटीस मागवली, वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘पाचची वेळ आहे खरी. थांबा पाचपर्यंत.’ बाबू मटकन खाली बसले. त्यानंतरचे साडेतीन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. फाटकातून कुणीही आत आलं की सगळा व्हरांडा मान वळवायचा. एक दूधवाला आला, एक पोस्टमन, एक हरवलेली म्हैस. साडेचारला आई स्वतः फाटकापर्यंत जाऊन रस्त्यावर हात कपाळाला लावून बघून आली. ज्याच्यामुळं तिच्या लेकीची जागा जाणार होती त्याची ती इतक्या काळजीनं वाट बघत होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, येऊ नकोस रे बाबा, येऊ नकोस. आज लिहायला लाज वाटते, पण म्हणत होते.

पाचचे टोले पडले. आईनं वाकून धोंडा उचलला आणि बाजूला घेतला. मग कळशी उचलून खिडकीच्या चौकटीवर ठेवली आणि म्हणाली, ‘आता आमचा नंबर.’ बाबूंनी माझं नाव लिहिलं. मी रडत होते. छत्रीवाल्यांनी जाताना आईला हात जोडले.

धोंडा तिनं टाकला नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये तो कळशीत होता आणि लोहा गावापर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला ठण् ठण् वाजत होता. लोक वळून बघायचे. मी अजून फुगलेलीच होते. ‘गेली असती तर जागा?’ मी म्हणाले. ‘त्या पोरासाठी? तो आपला कोण?’

आईनं धोंडा वाजू नये म्हणून कळशीत हात घालून तो दाबून धरला. मग तिनं सांगितलं, पहिल्यांदा आणि एकदाच. तिच्या माहेरी विहिरीवर आमच्या लोकांची भांडी लांब ठेवायची. रांगेत नाही, बाजूला. सगळ्या गावाचं भरून झालं की कुणाला दया आली तर वरून ओतणार. ‘पहाटी सगळ्याच्या आदी जायची मी, शालू. आठ वरसाची. सगळ्याच्या आदी माझा घडा. आन् सूर्य डोक्यावर आला तरी माझा नंबर न्हाई. मी हाय, घडा हाय, आन् बाया म्हणायच्या, हितं तर कुणीच न्हाई.’ तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘परवा त्या बाबूनं पेला पुढं केला बग.’  मी तिच्या मांडीवरची कळशी माझ्या मांडीवर घेतली, धोंड्यासकट.

कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील, मी सुट्टीला लातूरला आले होते, तेव्हा माझं पत्र आलं. खरंच आलं. पाकिटावर तीन गावांचे शिक्के. माझ्या दाखल्यावर जुना जिल्हा होता, तोच पत्त्यात उतरला होता. पत्र आधी उस्मानाबादेला गेलं, तिथून आणखी कुठं फिरलं आणि शेवटी पोचलं. ‘शनिवारी समक्ष हजर राहावे, अन्यथा आपला हक्क राहणार नाही.’ दादांना आधी आनंदच झाला. आत्ता खरा तुझा प्रवेश झाला, म्हणाले, आणि पत्र फायलीला लावायला पंच शोधू लागले. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी ती यादीची वही काढली, तिसऱ्या नंबरापुढचा पत्ता बोटानं वाचला. त्याचाही जिल्हा जुनाच होता.

‘सोजर,’ ते म्हणाले, ‘त्या पोराला कळलंच नसणार.’

दुसऱ्या दिवशी दादा रजा टाकून त्या खेड्याला गेले. संध्याकाळी परत आले ते तसेच ओट्यावर बसले. घराला कुलूप होतं. पाणी नाही, काम नाही म्हणून माणसं जगायला बाहेर गेलेली. कुणी म्हणे पुण्याकडं, कुणी म्हणे कारखान्याकडं. दाराच्या फटीखालून पाकिटाचं एक टोक दिसत होतं. तसलंच पाकीट, तसलेच शिक्के. दादांनी ते ओढून बघितलं नाही. दुसऱ्याचं टपाल, म्हणाले. पण त्या रात्रीपासून त्यांनी टँकरचा तक्ता घरी आणणं बंद केलं, आणि पुढं कधीतरी आमच्या गल्लीच्या रकान्यात ‘आला नाही’ असं लिहिलं. त्यावरून त्यांची एका कोपऱ्यातल्या टेबलावर बदली झाली. तिथं निदान खुर्ची होती.

आईनं त्यानंतर एक वेडेपणा केला. टँकरच्या रांगेत ती रोज तीन नंबरला तो धोंडा ठेवू लागली. आमची कळशी त्याच्यामागं, चौथी. टँकर आला की त्याच्या वाटणीची एक घागर भरायची आणि ज्याच्या घरी कुणी आजारी असेल त्याला द्यायची. कुणी हरकत घेतली नाही. पण गल्लीत रोज एका जागी ठेवलेला काळा धोंडा आणि समोर पाण्याची भरलेली घागर म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. आठवडाभरात त्याच्यावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. मग बेलाचं पान आलं. मन्मथअप्पांनी तर भस्माचे तीन पट्टे ओढले, आणि एका सकाळी चार बाया घोटघोट पाणी वाचवून त्याला अभिषेक घालताना आईनं पाहिल्या. ती अशी धावली की पायातली चप्पल मागंच राहिली.

‘आगं ए, देव न्हाई त्यो! पोरगं हाय! इंजिनेर व्हायचं हाय त्याला! पाणी वतू नका, त्याचा नंबर सोडा!’

बाया हात जोडून म्हणाल्या, ‘व्हय सोजरबाई, तुमच्या लेकीला पावला की त्यो.’ आई त्या दिवशी जेवली नाही. पाण्यानं पुसून पुसून तिनं धोंडा स्वच्छ केला आणि घरात आणला. त्यानंतर तो घरातच राहिला. माझ्या प्रत्येक बदलीला तो कळशीत घालून आमच्याबरोबर आला. नोकरीत असताना शिरूर अनंतपाळकडं गेले की मी त्या नावाची चौकशी करायची. त्या आडनावाची घरं भेटली, तो भेटला नाही. माझं नाव दारावरच्या पाटीवर आहे आणि त्याचं एका जुन्या वहीत, दादांच्या अक्षरात.

शेवटच्या वर्षात आईला माणसं ओळखू येईनाशी झाली. मला ती ‘बाई’ म्हणायची. पण दाराची कडी वाजली की उशीवरून मान उचलायची आणि विचारायची, ‘तीन नंबर आला का गं?’

‘न्हाई, आई,’ मी म्हणायची. ‘पाच वाजायचे हायत अजून.’